हंड्या, झुंबरें आणि आपली अभिरुचि

कोणत्याहि कलावस्तूचें परीक्षण करितांना ती कशासाठीं निर्माण झाली हें प्रथम पाहिलें पाहिजे, हें तत्त्व साहित्याच्या बाबतींत आपण सहज मान्य करितों. नाटक केवळ वाचून त्याचा निकाल देणारा टीकाकार अर्धाच निकाल देतो, हें सांगावयास कोणी पंडित लागत नाहीं. परंतु घरांतील व देवळांतील वस्तूंना हेंच तत्त्व लावण्याचें आपण विसरतों. अलीकडे इंग्रजी अमदानींतील हंड्या, झुंबरें, भिंतीवरील काचेचे दिवे, बिल्लोरी शमादानें यांची आवड सुशिक्षित समाजांत वाढत चालली आहे. जुने वाडे पडतात, त्यांतलें सामान मुंबईच्या चोरबाजारांत येतें, आणि तेथून तें नव्या घरांच्या दिवाणखान्यांत व मोठ्या हॉटेलांत जातें. ही आवड वाढली याचा आम्हांस विषाद वाटत नाहीं. मात्र ती कितपत डोळस आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा घोळ काढलेला बरा. हंडी म्हणजे वर तोंड असलेलें, घंटेच्या किंवा मडक्याच्या घाटाचें काचेचें भांडें. तें सांखळ्यांनीं आढ्यास टांगतात व त्याच्या आंत दिवा ठेवितात. झुंबर म्हणजे मधल्या दांड्याभोंवतीं फांद्या पसरलेला, अनेक ज्योतींचा दिवा. त्याच्या फांद्यांखालीं पैलू पाडलेले जे काचेचे तुकडे लोंबतात ते लोलक. बिल्लोर म्हणजे वास्तविक स्फटिक. पण व्यवहारांत कोणत्याहि स्वच्छ व पैलूदार काचेस आपण बिल्लोरी म्हणतों. 'बेल्जियमचें' या विशेषणाची तऱ्हा तशीच आहे. बेल्जियमांत लिएज शहराजवळ १८२६ सालीं निघालेला व्हाल सँ लँबेर हा काचेचा कारखाना प्रख्यात आहे, हें खरें. परंतु हिंदुस्थानांत आलेल्या मालांत बर्मिंगहॅमचा, बोहेमियाचा आणि फ्रान्समधील बाकाराचाहि माल होता. आपल्याकडे 'बेल्जियमचें झुंबर' म्हणून जें सांगतात, त्यांत जन्मस्थानापेक्षां भावाचीच सूचना बहुधा अधिक असते.

आतां या वस्तूचें मर्म कशांत आहे तें पाहूं. इंग्लंडांत जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यानें १६७४ सालीं स्फटिकासारखी काच करण्याची सनद मिळविली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत शिशाचा अंश घातलेली काच तेथें होऊं लागली. शिशामुळें काच जड होते. चाकावर घासून तिला पैलू पाडणें सोपें जातें. आणि तिच्यांतून जाणारा किरण साध्या काचेंतल्यापेक्षां अधिक वांकतो व अधिक फाकतो. त्या देशांत काचेवर वजनावारी कर होता, तो १८४५ सालीं उठला, आणि जड काच मोकळ्या हातानें वापरणें कारखानदारांस परवडूं लागलें. पुढें सहाच वर्षांनीं, १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनांत, बर्मिंगहॅमच्या एफ. अँड सी. ऑस्लर या पेढीनें २७ फूट उंचीचें व सुमारें ४ टन काचेचें कारंजें उभारून जगास थक्क केलें. ही पेढी १८०७ सालची. प्रदर्शनाच्या आधींच तिनें कलकत्त्यास आपलें दुकान थाटलें होतें, यावरून आपले राजेरजवाडे व जमीनदार हे तिच्या दृष्टीनें केवढें गिऱ्हाईक होते हें ध्यानांत येईल.

परंतु काच कितीहि उत्तम असली तरी झुंबराचा घाट काचेनें ठरविलेला नाहीं. तो ज्योतीनें ठरविला आहे. ज्योत नेहमीं वर जाते, म्हणून झुंबराची फांदी आधीं खालीं झुकते व मग वळून वर येते. मेण गळतें, म्हणून प्रत्येक वातीखालीं थाळी असते. दिव्याखालीं अंधार ही आपली म्हण जगांतील सर्व दिव्यांस लागू आहे. कारागिरानें लोलक टांगले ते नेमके त्या अंधाराच्या जागीं. ज्योतीचा प्रकाश तेथें पोंचत नव्हता, तो या काचेनें धरून खालीं उतरविला. शिवाय ज्योत क्षणभरहि स्थिर नसते. ती हलली कीं लोलकावरील रंगाचा ठिपका सरकतो, विझतो व दुसऱ्या पैलूवर उमटतो. ज्योत लहान असते, हेंहि महत्त्वाचें आहे. लहानशा उगमापासून निघालेला किरण फाकला म्हणजे तांबडा, हिरवा, निळा हे रंग सुटे दिसतात. उगम मोठा व दुधी असेल तर ते एकमेकांवर पडून पुन्हां पांढरेच होतात. झुंबर हें अशा रीतीनें ज्योतीच्या गुणदोषांवर बेतलेलें यंत्र आहे. त्यांतून ज्योत काढली तर राहील तो त्या यंत्राचा सांगाडा.

हें यंत्र युरोपांतील बंद दिवाणखान्यांसाठीं निघालें होतें. हिंदुस्थानांत आल्यावर त्यास वाऱ्याशीं गांठ पडली. येथें खिडक्या उघड्या, वर दोरीनें ओढावयाचा पंखा हालत असलेला, आणि मेणबत्ती उन्हाळ्यांत उभी राहील तर शपथ! म्हणून ज्योतीभोंवतीं काचेच्या उंच कोठ्या आल्या, हंड्यांचा प्रसार झाला, आणि मेणबत्तीच्या जागीं काचेचा पेला आला. पेल्यांत निम्में पाणी, त्यावर खोबरेल तेल, आणि तेलांत वात, अशी ही योजना. तेल संपलें कीं ज्योत पाण्याशीं येऊन आपोआप विझे, आणि काच तापून तडकण्याची भीति राहत नसे. चरबीची मेणबत्ती देवापुढें लावणें आपल्या लोकांस रुचलें नसतेंच. खोबरेलाच्या दिव्यास मात्र कोणाचीच हरकत असण्याचें कारण नव्हतें. आमच्या मतें ही परकी वस्तु आपल्या दिव्यांच्या कुळांत आली ती या पेल्याच्या वाटेनें. समई, निरांजन, ठाणवई, लामणदिवा यांच्या पंक्तीस हा काचेचा पाहुणा बसूं शकला, कारण त्याच्याहि पोटांत तेल आणि वातच होती.

पंक्तीस बसला खरा. पण सर्वच घरीं त्याची वागणूक सारखी राहिली नाहीं. राजवाड्यांतील झुंबरांकडे प्रथम पाहूं. ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा जयाजीराव शिंदे यांनीं मायकेल फिलोज याच्या आराखड्यावरून बांधविला. तो १८७४ सालीं पुरा झाला. प्रिन्स ऑफ वेल्स १८७५-७६ सालीं हिंदुस्थानांत आला होता, त्याच्या स्वागताशीं या वाड्याचें नांव जोडलें जातें. तेथील दरबाराच्या दालनांत दोन प्रचंड झुंबरें आहेत. प्रत्येकाचें वजन सुमारें ३.५ टन सांगतात. छत हा भार सोशील कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आधीं त्यावर हत्ती चढविले, ही गोष्ट ग्वाल्हेरीस जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशास ऐकावी लागते. गोष्ट खरी असो वा खोटी, तिच्यांत टीकाकारास उपयोगी असें एक सत्य आहे. या गोष्टीचा नायक वजन आहे. झुंबरें उजळल्यावर त्यांचा प्रकाश दालनांत कसा पडला, कोणाचे चेहरे त्यांत कसे दिसले, याविषयीं ती एक अक्षरहि बोलत नाहीं. ज्या दिव्याची कीर्ति त्याच्या वजनावर उभी आहे तो दिवा म्हणून मागें पडला आहे, असें म्हणणें आम्हांस भाग आहे. तीं झुंबरें भव्य आहेत यांत संशय नाहीं. पण भव्यता दाखविण्यासाठीं तोफहि पुरली असती.

या मार्गाचा शेवट कोठें होतो हें उदेपूरास दिसतें. महाराणा सज्जनसिंह यांनीं १८७७ च्या सुमारास ऑस्लर पेढीकडे काचेच्या खुर्च्या, मेजें, पलंग आणि दिवे यांची मोठी मागणी नोंदविली. १८८४ सालीं महाराणा वारले आणि मागविलेलें सामान पेट्यांतच पडून राहिलें. तें शंभर वर्षांहून अधिक काळ तसेंच होतें. १९९४ सालीं फतेहप्रकाश वाड्यांत त्याचें दालन लोकांस खुलें झालें. ज्या काचेच्या मंचकावर कधीं कोणी निजलें नाहीं आणि ज्या दिव्यांखालीं त्यांच्या काळीं कोणी बसलें नाहीं, त्यांचें कौतुक आज हजारों प्रवासी करितात. कौतुक करण्याजोगी कारागिरी तेथें खचित आहे. परंतु इतक्या वर्षांत त्या दिव्यांची उणीव कोणास भासली नाहीं, ही गोष्ट त्यांच्या बाजूनें बोलत नाहीं.

आतां दुसऱ्या प्रकारचें घर पाहूं. गोव्यांत फोंडें महालांत मंगेशीचें देऊळ आहे. त्याच्या प्रशस्त सभामंडपांत एकोणिसाव्या शतकाच्या धर्तीचीं झुंबरें टांगलेलीं आहेत, आणि बाहेर अंगणांत सात मजली दीपस्तंभ उभा आहे. या दोहोंचें नातें लक्षांत घेण्यासारखें आहे. दीपस्तंभ हा कोनाडाकोनाड्यांतून पणत्या धरणारा दगडी वृक्ष. झुंबर हा फांदीफांदीवर ज्योत धरणारा काचेचा वृक्ष. एक जमिनींतून वर उगवलेला, दुसरा छतांतून खालीं उतरलेला. ज्या कोणीं प्रथम तें झुंबर देवापुढें टांगविलें त्यास हें साम्य दिसलें असेल असें आम्हांस वाटतें. न दिसतां त्याची निवड इतकी योग्य ठरली असेल, तर त्याच्या हातालाच ती दृष्टि होती असें म्हणूं.

मंगेशीचें उदाहरण आम्हीं मुद्दाम घेतलें. झुंबरें हीं गुलामगिरीचीं चिन्हें होत, तीं आपल्या घरांत नकोत, असें म्हणणारा एक पक्ष आहे, आणि त्याच्या म्हणण्यांत तथ्य मुळींच नाहीं असें नाहीं. सूत, कापड, काच या सर्व वाटांनीं आपल्या देशांतील पैसा बाहेर गेला. झुंबर हें त्या व्यापाराचेंच एक अपत्य आहे. पण मंगेशाच्या भक्तांकडे पाहा. १५६० सालीं कुशस्थळीहून आपला देव घेऊन ते पोर्तुगीज अमलाबाहेर पडले. दोन शतकांनंतर, १७६३ सालीं, तोच अंमल त्यांच्या नव्या गांवावरहि आला. परक्यांच्या सत्तेचा जाच ज्यांनीं इतका सोसला त्यांनींच परक्यांचा दिवा देवापुढें लाविला. त्यांस अभिमान नव्हता असें कोण म्हणेल? परक्याची सत्ता निराळी आणि परक्या कारागिराच्या हातची वस्तु निराळी, हा विवेक त्यांच्या ठायीं होता. लखनौस हुसेनाबादचा इमामबाडा महंमद अली शहा यानें १८३८ सालीं बांधविला. तेथेंहि विलायती झुंबरांची दाटी आहे, आणि मोहरमांत तीं उजळतात. दिव्यांचा तो सगळा थाट शोकासाठीं! दरबारांत जी वस्तु वैभवाची जाहिरात करिते तीच तेथें दुःखाची सोबत करिते. वस्तु बदललेली नसून तिच्याकडून घ्यावयाचें काम बदललें आहे.

येथें आमचा मुख्य सिद्धान्त सांगण्याची वेळ आली. जुन्या मराठी कागदपत्रांत देवस्थानांस दिवाबत्तीसाठीं, नंदादीपासाठीं नेमणुका करून दिल्याचे उल्लेख वारंवार येतात. देणाऱ्यानें नुसती समई दिली नाहीं. समईंत रोज तेल पडेल अशी व्यवस्था केली. दिवा म्हणजे काय, याची आपल्या पूर्वजांची कल्पना या एका शब्दांत आली आहे. दिवा ही मालकीची वस्तु होण्याआधीं ती एक चालू ठेवावयाची सेवा होती. कोणीतरी काच पुसली पाहिजे, वात सारली पाहिजे, तेल घातलें पाहिजे, आणि त्या उजेडांत कोणीतरी येऊन बसलें पाहिजे. या कसोटीस लावलें असतां देवळांतलें लहानसें, दोन लोलक गळालेलें झुंबर राजवाड्यांतील टनावारी काचेहून सरस ठरतें. त्याची काच सरस असते म्हणून हें होत नाहीं. त्याला काम आहे, आणि त्याची वाट पाहणारीं माणसें आहेत.

ही कसोटी आम्हांसच सुचली असें नाहीं. सत्यजित राय यांचा 'जलसाघर' हा १९५८ सालचा बंगाली बोलपट ज्यांनीं पाहिला असेल त्यांस ती ठाऊक आहे. ताराशंकर बंदोपाध्याय यांच्या कथेवरून घेतलेल्या या चित्रांत जमीनदार विश्वंभर राय याचें झुंबर हें जवळजवळ एक पात्रच आहे. शेजारच्या नवश्रीमंताच्या घरीं विजेचें यंत्र धडधडत असतें. इकडे जुन्या वाड्यांत शेवटच्या मैफलीसाठीं झुंबरांतल्या मेणबत्त्या लावल्या जातात. मैफल सरल्यावर त्या एक एक विझूं लागतात, आणि तें पाहून तो म्हातारा भयानें व्याकुळ होतो. चित्रकर्त्यानें जमीनदाराची तरफदारी केलेली नाहीं. त्याचा पोकळ अहंकार त्यानें स्पष्ट दाखविला आहे. तरीहि प्रेक्षकाचें मन विझणाऱ्या ज्योतींबरोबर खालावत जातें, कारण त्या झुंबराखालीं गाणें झालें होतें. विजेचा दिवा असा विझत नाहीं. तो बंद होतो. या एका भेदावर एवढा मोठा शेवट उभारतां आला, यांतच त्या कलावंताची पारख दिसते.

आतां आजच्या शौकिनांकडे वळूं. ते जुनें झुंबर मोठ्या किंमतीस घेतात आणि तें घरीं आणतांच त्याच्या फांद्यांस भोंकें पाडून तारा ओवितात. मेणबत्तीच्या जागीं पांढऱ्या नळ्या बसवून त्यांवर मेण ओघळल्याची नक्कल करितात आणि टोकाला दुधी दिवा लावितात. तारेचा जुना ६० वॉटचा एक दिवा सुमारें ६० मेणबत्त्यांएवढा उजेड देई; त्या हिशेबानें बारा फांद्यांच्या झुंबरांत सातशेंहून अधिक मेणबत्त्या कोंबल्यासारख्या होतात. डोळे दिपतात, रंग मरतात, आणि लोलक नुसते पांढरे फटक दिसतात. इतकें झाल्यावर यजमान पाहुण्यांस झुंबराचें वय आणि किंमत सांगतो. त्यास दुसरें सांगण्यासारखें कांहीं उरलेलेंच नसतें! याहून वाईट प्रकार मोडतोडीचा. एक फांदी तुटली कीं सबंध झुंबर मोडून त्याचे लोलक सुटे विकले जातात, आणि कोणाच्या कानांत किंवा खिडकीच्या पडद्याला लटकतात. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तु खाजगी माणसांनीं परदेशीं नेण्यास १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानें मनाई आहे. पण कायदा वस्तूची वाट अडवूं शकतो. घरांतल्या घरांत तिचें सत्त्व घालविणाऱ्यास तो काय करणार?

कोणी म्हणेल कीं, आगीचें भय, काजळी, तेलाचा खर्च आणि नोकरांचा तुटवडा हें सर्व असतां रोज वाती लावीत बसण्याचा उपदेश आम्ही करितों कीं काय? तसा आमचा मुळींच हेतु नाहीं. वीज हें वरदान आहे. आईच्या हातांतली रॉकेलची चिमणी ज्यांच्या घरांतून विजेनें घालविली त्यांनीं तिची निंदा करणें कृतघ्नपणाचें होईल. काजळलेल्या कंदिलाच्या काचा राखेनें पुसण्याचें काम कोणीं केलें हेंहि आपण विसरूं नये. तें बहुधा घरांतल्या मुलींनीं आणि सुनांनीं केलें. राजवाड्यांतलीं शेंकडों काचपात्रें पुसणाऱ्या नोकरांचीं नांवें कोणत्याहि पाटीवर नाहींत. तेव्हां जुन्या उजेडाची ओढ धरणाराने जुने कष्ट गोड मानूं नयेत. आमचें मागणें त्याहून पुष्कळ लहान आहे.

जुनी हंडी किंवा झुंबर ज्याच्या घरीं आहे त्यानें त्यास भोंक पाडूं नये. तार बाहेरून नेतां येते आणि हवी तेव्हां काढतां येते. दिवा लावावयाचाच तर तो लहान, स्वच्छ काचेचा व मंद लावावा, म्हणजे लोलकांस आपलें काम करण्यास थोडी तरी जागा राहील. तुटलेली फांदी तुटलेलीच राहूं द्यावी, पण चांगल्या लोलकांसाठीं सबंध झुंबर मोडूं नये. तें कोणत्या वाड्यांतून, कोणत्या देवळांतून आलें, हें विकत घेतांना विचारावें आणि लिहून ठेवावें. कारण वस्तूचें वय काचेवरून कदाचित् कळेल, पण तिच्याखालीं कोण बसत होतें हें काच सांगणार नाहीं. देवस्थानांच्या पंचांस आमची विनंती याहून आग्रहाची आहे. जीर्णोद्धाराच्या भरांत सभामंडपांतील जुनीं झुंबरें उतरवून त्यांच्या जागीं झगझगीत नवे दिवे लावण्याचा मोह त्यांनीं आवरावा. आणि वर्षांतून एखाद्या दिवशीं, दिवाळीस म्हणा किंवा उत्सवाच्या रात्रीं म्हणा, माणसें जवळ उभीं ठेवून, पाण्याची तयारी करून, जुन्या पेल्यांत पाणी, तेल आणि वात घालून तीं एकदां खरोखर उजळावीं. घरांतल्या मुलांना त्या वेळीं त्याखालीं बसवावें. तेवढा वेळ विजेचे दिवे मालवलेले असले म्हणजे पुरे. बाकीचें रसग्रहण मुलें आपलें आपण करतील.